माहितीचौकटीतला हिशेब देवनागरी अंकांवर का अडतो

तुमची अडचण मला समजली ती अशी. मराठी विकिपीडियावर गावाच्या माहितीचौकटीत लोकसंख्येची घनता आपोआप निघावी म्हणून तुम्ही साच्यात (अनेक लेखांत वापरता येणाऱ्या तयार मांडणीत) हिशेबाचा छोटा मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारी सूत्रं, घातलीत. इंग्रजी अंक दिले की उत्तर येतं, देवनागरी दिले की लाल अक्षरांत त्रुटी दिसते. आणि हाच हिशेब तुम्हाला तालुक्याच्या साच्यातही हवा आहे.

मीडियाविकीत, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, मॅक्रो नावाची वेगळी वस्तू नाही. साचा मांडणी करतो आणि 'विभाग' नामविश्वातल्या (पानांच्या त्या गटातल्या) पानावरचा, लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड हिशेब करतो. २०१३ साली लुआ येण्याआधी सगळं साच्यातच कोंबावं लागे. त्या काळचे महिरपी कंसांचे ढीग जुन्या साच्यांत अजून सापडतात. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. हिशेब उचलून एका विभागात ठेवा, समजा 'विभाग:गावगणित', आणि दोन्ही साच्यांतून इन्व्होकने त्याला हाक मारा. (इन्व्होक म्हणजे विभागातलं फंक्शन साच्यातून चालवणारी आज्ञा. हा शब्द रोमन लिपीत टाइप करायचा.)

आता मूळ दुखणं. साच्यात गणित करणारं एक्स्प्र फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही. इतकंच काय, इंग्रजी अंकांतला स्वल्पविरामही त्याला चालत नाही. मजकुराची संख्या करणारं लुआतलं टुनंबर तसंच: '४८३२' दिलं की ते निल (म्हणजे 'काहीच नाही') परत करतं आणि पुढचा भागाकार कोसळतो. म्हणून विभागात टुनंबर वापरू नका. विकीची आशयभाषा (लेख ज्या भाषेत आहेत ती, इथे मराठी) मागवा आणि तिचं पार्सफॉरमॅटेडनंबर वापरा. ते देवनागरी अंक ओळखतं, स्वल्पविराम काढून टाकतं आणि इंग्रजी अंकही स्वीकारतं. हिशेब झाल्यावर त्याच भाषेच्या फॉरमॅटनम या फंक्शनमधून उत्तर बाहेर पाठवा, म्हणजे ते पुन्हा देवनागरीत येईल.

अंकांचा हा बदल फक्त आत येताना आणि बाहेर जाताना करायचा, मध्ये कुठेही नाही. मी पाहिलेले बहुतेक बिघाड इथेच होते: एका साच्याने देवनागरीत दिलेलं उत्तर दुसऱ्या साच्याने पुन्हा हिशेबाला घेतलेलं. वयाचे साचे याच कारणाने मोडतात, कारण चालू वर्षाचा जादुई शब्द (पानावर आपोआप मूल्य भरणारा संकेत) मराठी विकीवर वर्ष देवनागरीतच देतो. तारीख-वेळ देणाऱ्या टाइम फंक्शनमध्ये वर्षाच्या खुणेआधी रोमन एक्स-एन जोडलं तर साधे इंग्रजी अंक मिळतात.

तुमच्या साच्याची हाक अशी असेल:

{{माहितीचौकट गाव|लोकसंख्या=४,८३२|क्षेत्रफळ_हेक्टर=१,२०८}}

जनगणनेत गावांचं क्षेत्रफळ हेक्टरमध्ये असतं, म्हणून ते तसंच घ्या आणि शंभराने गुणायचं काम विभागाला द्या. उत्तर ४०० यायला हवं. संपादकाला कॅल्क्युलेटर घेऊन चौरस किलोमीटर काढायला लावलं की चुका होतात.

यात हमखास ठेच लागते ती फ्रेमपाशी, म्हणजे विभागाला मूल्यं पोचवणाऱ्या वस्तूपाशी. साच्याला दिलेली मूल्यं विभागाच्या फ्रेमच्या आर्ग्जमध्ये (मूल्यांच्या यादीत) नसतात, ती पालक फ्रेममध्ये, म्हणजे साच्याच्या फ्रेममध्ये, असतात. गेटपॅरेंटने मागावी लागतात. दुसरं, लुआत रिकामी अक्षरमाळा (रिकामा मजकूर) 'खरी' धरली जाते. 'क्षेत्रफळ_हेक्टर=' लिहून पुढे काहीच न भरलेल्या लेखांत नुसती 'मूल्य आहे का' ही तपासणी पार होते आणि हिशेब पुढे अडतो. रिकाम्या मूल्याची आणि शून्याची तपासणी वेगळी करा, आणि तसं असेल तर ओळच दाखवू नका.

फंक्शनला मराठी नाव देता येतं का, हेही तुम्ही विचारलंत. लुआत चलाचं (व्हेरिएबलचं) नाव देवनागरीत चालत नाही, पण टेबलची (नाव-मूल्यांच्या जोड्यांच्या यादीची) किल्ली, म्हणजे त्यातलं नाव, चालते. चौकोनी कंसात, अवतरणात 'घनता' लिहून तिला फंक्शन जोडा. इन्व्होक तिला त्याच नावाने शोधतो. मी आवर्जून असंच करतो. साचा वाचणाऱ्याला, मग त्याला प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी, तिथे काय चाललंय ते कळलं पाहिजे.

गावाच्या नावाचं पहिलं अक्षर काढायचं असेल तर लुआची साधी स्ट्रिंग (मजकुराची) फंक्शनं टाळा, मीडियाविकीची यूस्ट्रिंग फंक्शनं वापरा. साधी फंक्शनं बाइट (साठवणुकीचं एकक) मोजतात, यूस्ट्रिंग चिन्हं मोजतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. 'कोल्हापूर' साध्या फंक्शनांच्या लेखी २७, यूस्ट्रिंगच्या लेखी ९, आणि आपल्या कानाला चार अक्षरं: को, ल्हा, पू, र. यूस्ट्रिंगनेही पहिलं चिन्ह मागितलं तर नुसता 'क' मिळतो, 'को' नाही. पुढची मात्रा स्वतः जोडून घ्यावी लागते. याच तीन बाइटांमुळे पानावर साचे उलगडून होणाऱ्या मजकुराची सुमारे २० लाख बाइटांची मर्यादा मराठी पानांवर लवकर भरते. हिशेब विभागात नेण्याचं तेही एक कारण.

चालू साच्यात थेट बदल करू नका. विभाग धूळपाटीत (सरावाच्या पानावर) उतरवा, संपादन खिडकीखालच्या कन्सोलमध्ये (कोड तपासायच्या चौकटीत) चालवून पाहा आणि हे चार प्रकार द्या: देवनागरी, इंग्रजी, स्वल्पविरामासह, रिकामं. त्यात काही अडलं तर विभागाचा दुवा इथे टाका, मी ओळ न् ओळ पाहीन.