भेदांच्या पलीकडे माणसं जोडणारे लघुपट कोणते पाहावेत?

वर्ण, धर्म, वर्ग यांच्या पलीकडे जाऊन माणसं जोडली जातात असे लघुपट कोणते, आणि त्यातले बरेचसे शेवटी उपदेशावर का घसरतात, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पात्रं माणुसकीवर बोलायला लागली की माझ्यापुरता तो लघुपट संपतो. जे मनात राहिले, त्यांत दोन माणसांच्या मध्ये एखादी साधी वस्तू असते किंवा अडचण असते, आणि तिच्यापायी दोघांना एकमेकांकडे बघावंच लागतं.

ॲडम डेव्हिडसनचा 'द लंच डेट' (१९८९) पाहिला नसेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या, आधी तो बघा. जेमतेम दहा मिनिटांचा, कृष्णधवल आहे.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर एका सुखवस्तू गोऱ्या बाईंची गाडी चुकते. त्या उपाहारगृहात सॅलड घेतात, टेबलावर ठेवून काटा आणायला जातात. परत येतात तर एक बेघर वाटणारा कृष्णवर्णीय माणूस ते खात बसलेला. बाई चिडतात, समोर बसतात आणि त्याच ताटलीतून खायला लागतात. तो त्यांना खाऊ देतो, वर दोघांसाठी कॉफी घेऊन येतो. बाई निघतात, पिशव्या विसरल्या म्हणून धावत परततात, आणि शेजारच्याच टेबलावर त्यांच्या पिशव्या असतात, त्यांचं सॅलडही असतं, न शिवलेलं. म्हणजे इतका वेळ त्या त्याचं अन्न खात होत्या! याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात लघुपटाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, नंतर ऑस्करही. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती त्या माणसाची कॉफी. ती आणताना तो काहीच सिद्ध करत नसतो.

बासिल खलीलचा 'आव्हे मारिया' (२०१५) हलकाफुलका आहे. पॅलेस्टाईनच्या वेस्ट बँक भागातल्या एका ख्रिस्ती मठाबाहेर ज्यू कुटुंबाची गाडी आदळते. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू झालेला, म्हणून त्यांना फोन लावता येत नाही. मठातल्या नन्सनी मौनाचं व्रत घेतलेलं, म्हणून त्यांना बोलता येत नाही. दोन्हीकडचे नियमच एकमेकांना अडवतात, आणि त्यामुळेच ते एकमेकांवाचून अडतात. रचना म्हणून मला हा फार आवडतो.

अश्विन कुमारचा 'लिटल टेररिस्ट' (२००४) जवळचा वाटेल. क्रिकेटचा चेंडू आणायला पाकिस्तानी पोरगा सुरुंग पेरलेली सीमा ओलांडतो, आणि इकडचे एक हिंदू मास्तर त्याला लपवतात. मुसलमान मुलाला घरात घ्यायचं का, हा पेच त्या घरात खराखुरा आहे, म्हणून त्यांचं लपवणं पटतं.

पेपे डांक्वार्टचा 'श्वार्त्सफारर' मी या यादीत घालत नाही, गाजलेला असला तरी. बर्लिनच्या ट्राममध्ये कृष्णवर्णीय तरुणाला घालून पाडून बोलणाऱ्या म्हातारीवर तो तरुण मस्त डाव उलटवतो, पण कुणी कुणाशी जोडलं जात नाही. बाकीचे प्रवासी गप्प का बसले, हे बोलायचं असेल तेव्हा मात्र तो जरूर दाखवा.

मित्रमंडळींत 'द लंच डेट' लावलात तर बाई पिशव्यांसाठी मागे धावतात तिथे थांबवा आणि विचारा, सॅलड कुणाचं होतं? मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा जवळजवळ सगळे म्हणाले, "बाईंचं." मीही पहिल्यांदा पाहताना तेच धरून चाललो होतो.