'म्हणा म्हणा' म्हणतोय तो, पण कुठल्या भाषेत?

प्रश्न : आमचा दहावीच्या ८८ च्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी गुलाबाची फुलं, गुड मॉर्निंग आणि कोणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन, बाकी सगळी शांतता. परवा एकाने रात्री साडेअकराला बाहुल्यांच्या गाण्याचा व्हिडिओ टाकला आणि सगळ्यांची झोप उडाली. नारिंगी पिंजारलेल्या केसांचं एक ध्यान 'मह्ना मह्ना' असं काहीतरी म्हणतं आणि शिंगं असलेल्या दोन गुलाबी बाहुल्या 'डू डूऽ डुडुडू' करतात, एवढंच गाणं. बँकवाला म्हणे पोर्तुगीज आहे (त्याचं सासर मडगावचं, त्यामुळे त्याला न कळलेलं सगळंच पोर्तुगीज असतं), डॉक्टर म्हणे इटालियन, आणि एकजण गेली वीस वर्षं स्वीडनमध्ये आहे तो म्हणे काय वाट्टेल ते असू दे, स्वीडिश नाही, आमचं नाव घेऊ नका. मी म्हटलं अरे मराठीच आहे की, तो बिचारा 'म्हणा, म्हणा' म्हणून आग्रह करतोय आणि ह्या दोघी लाजून 'तू, तूच म्हण' करतायत! पैज लागलीय, हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची. निकाल तुम्ही द्या. – एक वाचक, मिरज

उत्तर : काका, तुमचं उत्तर वाचून आमच्या ऑफिसात चहा सांडला, पण मिसळ तुम्हालाच द्यावी लागणार असं दिसतंय.

ती भाषा कुठलीच नाहीये. 'मह्ना मह्ना' ला जगातल्या कुठल्याही भाषेत अर्थ नाही, नुसते तोंडाला गोड लागणारे आवाज आहेत. पण गाणं जन्माला आलं ते इटलीत, म्हणजे डॉक्टरांचा नेम बराच जवळ गेला. पिएरो उमिलियानी नावाच्या संगीतकाराने ते 1968 साली एका इटालियन सिनेमासाठी केलं आणि आता तुमच्या स्वीडनवाल्या मित्राला जरा बसायला सांगा, कारण तो सिनेमा होता स्वीडनवर! स्वीडनमधली माणसं कशी मोकळीढाकळी वागतात ते इटालियन लोकांना डोळे विस्फारून दाखवणारा डॉक्युमेंटरीछाप सिनेमा, आणि त्यात हे गाणं वाजतं ते बायका सॉनामध्ये, म्हणजे त्या लाकडी वाफेच्या खोलीत जातात तेव्हा. (सिनेमा शोधायला जाल तर नातवंडं झोपल्यावर, एवढंच सांगते.)

गायलाय आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनी, बरोबर त्याची बायको. हा माणूस तुम्ही सगळ्यांनी ऐकलेला आहे, नाव माहीत नसलं तरी. इटालियन लोकांनी काढलेले ते काउबॉय पिक्चर, क्लिंट ईस्टवुड डोळे बारीक करून उभा असतो आणि मागे कोणीतरी अंगावर काटा येईल अशी शिट्टी वाजवतो ना, एन्नियो मोरिकोनेच्या संगीतातली, ती शिट्टी ह्याचीच.

मग हे बाहुल्यांकडे कसं गेलं? अमेरिकेत 1969 च्या नोव्हेंबरात 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला (आपल्याकडे 2006 ला आलेलं 'गली गली सिम सिम' ते ह्याचंच भावंड), त्यात जिम हेन्सन नावाच्या बाहुलीवाल्याने त्याच महिन्यात हे गाणं आपल्या बाहुल्यांकडून (त्याच ह्या 'मपेट') म्हणवून घेतलं आणि महिना संपायच्या आत एड सलिव्हनच्या टीव्हीवरच्या शोमध्येही. तुमच्या ग्रुपवर आलेला बहुतेक 1976 च्या 'द मपेट शो'च्या पहिल्यावहिल्या सीझनमधला तुकडा असणार. तो कार्यक्रम ह्याच हेन्सनचा, म्हणजे अमेरिकन माणसाचा, पण तयार व्हायचा इंग्लंडमध्ये, त्यामुळे इंग्लंडात तर पुढच्या वर्षी उमिलियानीची मूळ रेकॉर्ड आठव्या नंबरपर्यंत चढली. सॉनातल्या बायका मागे पडल्या आणि गाणं लहान पोरांचं झालं, कोणाचं नशीब कुठे उघडेल सांगता येत नाही.

आता परत एकदा व्हिडिओ लावा आणि शब्द सोडून द्या, त्या दोघींकडे बघा. त्यांची तोंडं भोंग्यासारखी गोल आहेत, मिटतच नाहीत, म्हणजे चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही. तरी राग दिसतो! तो झिपऱ्या 'मह्ना मह्ना' म्हणता म्हणता रंगात येतो, तान घ्यायला लागतो, कुठल्या कुठे भरकटतो, आणि त्या दोघी गाणं थांबवून सावकाश माना वळवून त्याच्याकडे नुसत्या बघतात. तो वरमतो, आवाज खाली आणत आणत गप्प होतो, मग हळूच, चोरासारखा, 'मह्ना मह्ना'. आणि ह्या जणू काही झालंच नाही अशा 'डू डूऽ डुडुडू'. सगळा विनोद त्या मान वळवण्यात आहे. मी स्वतः कमीत कमी पन्नास वेळा बघितलंय आणि तिथेच हसते.

आपल्याला हे नवीन का वाटावं तेच कळत नाही मला. शाहीर डफावर थाप मारून पुढे पळतो आणि मागचे झीलकरी 'जीऽ जी रं जी' करून त्याला जमिनीवर आणतात, त्या 'जी जी रं जी'चं भाषांतर करून दाखवा तुमच्या डॉक्टरांना. तराण्यात 'तोम तनन देरेना' ऐकताना कोणी शब्दकोश उघडत नाही. 'अडम तडम तडतड बाजा' म्हणत आपण सगळे मोठे झालो, राज्य कोणावर आलं ते बरोब्बर कळायचं, अडम म्हणजे काय हे कोणी विचारलं नाही.

तेव्हा निकाल : डॉक्टर अर्धे जिंकले, स्वीडनवाले भाषेत जिंकले आणि सॉनात हरले, बँकवाले साफ आउट. तुम्ही पण आउट, पण तुमच्या बाजूने एक सांगते, 'म्हणा' म्हटल्यावर त्या दोघी खरंच म्हणतात, त्यामुळे रस्सा तुमच्याकडून आणि पाव बँकेकडून. आणि हो, व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. त्या शोमध्ये बाल्कनीत बसून सगळ्याला नावं ठेवणारे दोन म्हातारे मित्र आहेत. गाणं संपल्यावर एक विचारतो, हे मह्ना मह्ना म्हणजे असतं तरी काय, आणि दुसरा म्हणतो, कोणाला पडलंय! तुमच्या ग्रुपच्या डीपीला तो फोटो लावा.

प्रश्न : त्याच 'मपेट शो'मधला स्वयंपाकी मात्र स्वीडिश बोलतो ना? माझी भाची स्टॉकहोमला असते, तिच्या तिथल्या मित्रमंडळींना पाठवला तर चालेल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पाठवा, पण हेल्मेट घालून. त्याचं नाव स्वीडिश शेफ असलं तरी बोलतो ते स्वीडिशचा हेल काढलेलं गिबरिश, म्हणजे अर्थ नसलेली बडबड. आपल्याकडे कर्नाटकातून आलेल्या माणसाच्या मागे 'यंडुगुंडू' म्हणून हसणारे असतात ना, आणि तिकडे आपल्या मराठीचं काय करत असतील ते देव जाणे, तसलाच प्रकार. गंमत म्हणजे जर्मनीत हाच शो दाखवला तेव्हा त्याला डॅनिश करून टाकलं, प्रत्येकाला आपापला शेजारी लागतो. त्याचे हात नीट बघा, बाहुलीचे नाहीत, खऱ्या माणसाचे आहेत. डोकं आणि आवाज जिम हेन्सनचा, हात त्याचा साथीदार फ्रँक ऑझचे, म्हणजे दोन माणसं मिळून एक स्वयंपाकी. त्यामुळे हात अंडी फेकायला लागले की तोंड त्याच क्षणी काहीतरी जुळवतं.

प्रश्न : नातवाला त्या नारिंगी केसवाल्यासारखी बाहुली हवीय, आणि 'मह्ना मह्ना'च गाणारी. विकतची नको. – एक आजी, चिपळूण

उत्तर : आजी, जुना लांब मोजा घ्या, टाचेत नव्हे, पुढच्या टोकात बोटं घाला, चार बोटं वर आणि अंगठा खाली. वर दोन बटणं शिवली की झाले डोळे, केसांना उरलेली नारिंगी लोकर. आता खरी गोम : बोलताना वरची बोटं हलवायची नाहीत, नाहीतर बाहुली दर शब्दाला आकाशाकडे बघते. अंगठा खाली सोडायचा, जबडा उघडतो तसा, आणि प्रत्येक अक्षराला एकदाच. 'मह्-ना'ला दोनदा, पुढच्या 'मह्-ना'ला परत दोनदा. नातवाला आरशासमोर उभं करा, मपेटवाले समोर टीव्ही ठेवून स्वतःच्याच बाहुलीकडे बघत काम करतात, तेच हे. दुसऱ्या मोज्यात तुम्ही हात घाला, तुमच्याकडे 'डू डूऽ डुडुडू'. आणि तो भरकटला की गाणं थांबवून मान वळवायची, सावकाश.