मंजूर झालं म्हणून घ्यायचं नसतं

बाळा,

‘लोन सरकारी आहे, मग भीती कसली,’ हे तुझं वाक्य कालपासून माझ्या डोक्यात फिरतंय. मास्टर्स करावं की नाही यावर मी काही बोलणार नाही. पब्लिक पॉलिसी तुला मनापासून शिकायची आहे, तर शिकच. मला बोलायचंय ते ॲडमिशनसोबत आलेल्या, कॉलेजने पैशांची मदत मांडलेल्या त्या एका पानाबद्दल.

ते पान पुन्हा उघड. पहिल्या ओळीत स्कॉलरशिप, 9,000 डॉलर. तिच्याखाली, त्याच टाइपात, अमेरिकन सरकारचं डायरेक्ट अनसबसिडाइज्ड लोन, 20,500. आणि तळाशी ठळक अक्षरांत एकूण मदत, 29,500. या दोन आकड्यांची बेरीज करायचा कॉलेजला काय अधिकार? पहिला आकडा ते तुला देताहेत, दुसरा तू सरकारला व्याजासकट परत देणार आहेस. आणि तो 20,500 तुझी परिस्थिती बघून कोणी काढलेला नाही. कायद्याने ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला वर्षाला जास्तीत जास्त जेवढं देता येतं, तेवढं त्यांनी लिहून टाकलंय. मंजूर झालं म्हणून घ्यायचं नसतं. कॉलेजच्या पोर्टलवर आकडा कमी करता येतो. 20,500 च्या जागी 11,000 लिही, कोणी तुला कारण विचारणार नाही. पैसे आल्यावर जास्त वाटले तर 120 दिवसांच्या आत परत केलेल्या रकमेवर ना व्याज लागतं, ना फी. हे तुला कॉलेजच्या ऑफिसातून कोणी सांगितलं? नसणारच.

आता व्याज. अंडरग्रॅडला तुझं काही लोन सबसिडाइज्ड होतं, शिकत असताना त्याचं व्याज सरकार भरत होतं, म्हणून तुला वाटतंय की पदवी होईपर्यंत लोन झोपून राहतं. ती सोय मास्टर्सवाल्यांना 1 जुलै 2012 पासून नाही. अनसबसिडाइज्ड म्हणजे पैसे कॉलेजच्या खात्यात पडले त्या दिवसापासून व्याज सुरू. 2025-26 चा दर 7.94 टक्के आहे. नव्या वर्षाचा दर मे महिन्यातल्या सरकारी रोख्यांच्या लिलावावरून ठरतो, पण उदाहरणापुरता हाच धर. 20,500 वर महिन्याला साधारण 135 डॉलर व्याज, तू लायब्ररीत बसलेली असताना. शिवाय 1.057 टक्के फी आधीच कापून घेतात, म्हणजे कर्ज 20,500 चं आणि हातात 20,283. घेशील त्या लोनचं व्याज तरी शिकत असताना दर महिन्याला भरत जा. तेवढं झेपत नसेल तर लोन जास्त झालंय, एवढं साधं आहे.

तू म्हणालीस, पब्लिक सर्व्हिसमध्ये जायचंय, दहा वर्षांत उरलेलं माफ होईल. योजना खरी आहे. 2007 च्या कायद्याने आली, 120 हप्ते भरले की उरलेलं माफ, आणि लोकांचं झालंही आहे. त्या वाटेने जरूर जा. पण लोन घेताना माफीचा हिशेब धरू नकोस. जून 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने बायडन सरकारची स्टुडंट लोनची मोठी कर्जमाफी रद्द केली, तेव्हा किती जणांनी ते पैसे मनातल्या मनात खर्च करून टाकलेले होते! त्याच वर्षी सेव्ह नावाची सवलतीची परतफेड योजना आली, पुढच्या वर्षी कोर्टात अडकली, आता गुंडाळली जातेय. तुझ्या वाट्याला रॅप नावाची नवी परतफेड योजना येणार. त्यात हप्ता उत्पन्नावर ठरतो आणि हप्त्यात न बसलेलं व्याज माफ होतं, ही गोष्ट चांगली आहे. पण उरलेली मुद्दल माफ व्हायला तीस वर्षं. तू तेव्हा पंचावन्नची असशील.

माझ्या मैत्रिणीला हप्त्यात न बसलेलं व्याज माफ व्हायची सोयही नव्हती. 2006 पासून ग्रॅड प्लस नावाचं सरकारी लोन मिळायचं, कॉलेज जेवढा खर्च सांगेल तेवढं. त्या खर्चात भाडं, जेवण, प्रवास सगळं कॉलेजने अंदाजाने धरलेलं. तिने सगळं घेतलं, कारण सगळं मंजूर होत होतं. तिचं एक स्टेटमेंट मी डोळ्यांनी पाहिलंय: हप्ता 310, त्या महिन्याचं व्याज 540. एकही हप्ता न चुकवता बाकी वाढत गेली. ती आळशी नव्हती, उधळी नव्हती. माझ्यापेक्षा हुशार होती.

1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस बंद. डॉक्टर-वकिलांना वर्षाला 50,000 आणि एकूण 2,00,000 पर्यंत सरकारी लोन मिळेल, तुझ्यासारख्यांना वर्षाला 20,500 आणि एकूण 1,00,000. यावर बरीच रडारड चाललीय. ज्यांच्या घरी काहीच नाही त्यांच्यासाठी मलाही वाईट वाटतं. पण तुझी काळजी मला वेगळीच आहे. तुझ्या कॉलेजचा वर्षाचा खर्च 58,000. म्हणजे 28,500 ची तूट, आणि तिथे प्रायव्हेट लोनवाले टपून बसलेत. सरकारी लोनला बाबांची सही लागत नाही, तिथे लागेल. नोकरी गेली तर रॅप नाही, माफी नाही, आणि फोन बाबांना येणार. तिथेही मंजुरी पटकन मिळेल, बाबांचा क्रेडिट स्कोअर उत्तम आहे. म्हणून पुन्हा सांगते, आणि तुला कंटाळा आला तरी सांगणार: मंजूर झालं म्हणून घ्यायचं नसतं.

तू म्हणशील, मावशी, तुला बोलायला काय जातं. मलाही मोठ्या नावाच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली होती. मी ती सोडली आणि स्टेट युनिव्हर्सिटीत गेले, कारण तिथे असिस्टंटशिप होती: ट्यूशन माफ, महिन्याला थोडा पगार. त्याबदल्यात पहिल्या वर्षाच्या पोरांना स्टॅटिस्टिक्स शिकवायचं आणि गठ्ठेच्या गठ्ठे पेपर तपासायचे. त्या नावाची हळहळ मला आजही वाटते. मीटिंगमध्ये कोणी आपलं कॉलेज सांगतं आणि पुढचा अर्धा तास सगळे त्याच्याकडेच बघून बोलतात, तेव्हा तर फारच. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण तुझी आजी आजारी पडली तेव्हा मी नोकरी सोडून तिच्याजवळ राहिले. तुझ्या आईला विचार, घरात दुसरं कोणाला ते शक्य होतं का. मला शक्य होतं, कारण माझ्या डोक्यावर हप्ता नव्हता. पुढे कमी पगाराची पण आवडीची नोकरी धरली, तीही त्याच जोरावर. लोक म्हणतात मी घाबरून लहान कॉलेज निवडलं. म्हणोत. मी काय वाचवलं ते मला माहीत आहे, आणि पुन्हा निवडायची वेळ आली तर तेच निवडेन.

आणि तुझ्याकडे तर ती दुसरी ॲडमिशन आहे ना, आपल्याच स्टेटची? तिच्याबद्दल तू काल एका वाक्यात बोललीस, जणू ती मिळालीच नाही. इन-स्टेट, म्हणजे त्याच राज्यात राहणाऱ्यांसाठीची फी अर्ध्याहून कमी आहे. तिथल्या प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरला आज ईमेल कर. असिस्टंटशिप शिल्लक आहे का, दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये ग्रेडरची जागा आहे का, पदवीधरांना पहिली नोकरी कुठे आणि किती पगाराची मिळते, हे तिन्ही स्पष्ट विचार. लाजू नकोस, त्यांना असे ईमेल रोज येतात. महागड्या कॉलेजलाही लिही की दुसरीकडून मदत मिळतेय, स्कॉलरशिप वाढेल का. फार तर नाही म्हणतील.

बऱ्याच युनिव्हर्सिट्या फंडिंगच्या ऑफरवर 15 एप्रिलच्या आधी उत्तर मागत नाहीत, तेव्हा कोणी घाई केली तर ती तारीख दाखव. तोवर प्रॉमिसरी नोटवर, म्हणजे लोन फेडायच्या करारावर, सही करू नकोस. ईमेल पाठवण्याआधी मला दाखवलास तर बरं, तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे पण तू फार अजिजीने लिहितेस. आणि बाबांना फोन दे, त्यांच्याशी मी स्वतः बोलते.

तुझी,
मावशी