गडग्यावरचा झेंडा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, दहा बाय आठचा फ्लेक्स गडग्यावर, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणभिंतीवर, उभा करायचा तर बांबू पुरे की लोखंडी अँगल लागतील? बांबूचं सांगतोच. पण मी तुला विचारलं, पलीकडच्या घरी जाऊन आलास का? त्यावर तू म्हणालास, "त्यांचा काय संबंध, गडगा आमचा आहे," आणि तेवढ्यात रेंज गेली. म्हणून हे पत्र.

तू पक्षाचं काम मनापासून करतोस, याचा मला खरंच आनंद आहे. घरावर झेंडा लाव, फलक लाव. माणसाने आपलं मत लपवून ठेवावं असं मी कधीच सांगणार नाही. मी स्वतः तीस-पस्तीस वर्षं हेच केलं. 1977 साली आपल्या राजापूर मतदारसंघात मधु दंडवते उभे होते, तेव्हा मी विशीत होतो. गेरूचा डबा आणि काथ्याचा कुंचला घेऊन आम्ही रात्री वाडीवाडीतून भिंती रंगवत फिरायचो. चक्रातला नांगरधारी शेतकरी काढायला हात बसेपर्यंत किती भिंती बिघडवल्या, त्याची गणती नाही. पण तेव्हा एक गोष्ट आपोआप व्हायची. गेरू कालवायला पाणी घरमालकाच्या विहिरीचं लागायचं, कंदील त्याचाच, शिडीही त्याचीच. म्हणजे त्याला उठवून विचारल्याशिवाय काम सुरूच होत नसे. फ्लेक्स तालुक्याहून छापून येतो, टेम्पोतून उतरतो आणि अर्ध्या तासात उभा राहतो. कुणाकडे काही मागावं लागत नाही, त्यामुळे विचारणंच राहून गेलं.

माझ्या हातून काय झालं ते ऐक. 2009 ची लोकसभा. राजापूर मतदारसंघ मोडून रत्नागिरी-सिंधुदुर्ग नव्याने झाला होता, सगळ्यांनाच जोर चढलेला. मी आमच्या पश्चिमेच्या गडग्यावर असाच मोठा फलक उभा केला. गडगा माझा, चिरे माझ्या वडिलांनी रचलेले. पलीकडे शेजारची म्हातारी काकी, तिचं खळं, म्हणजे अंगण, सारवून लख्ख. एप्रिल-मे म्हणजे तिच्या आमसुलांचे दिवस. तुला ठाऊक आहे, रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडायची, बिया काढायच्या, सालं त्याच रसात मिठाबरोबर बुडवायची, उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात. अशी पुटावर पुटं द्यावी लागतात, तेव्हा कुठे आमसूल काळंभोर होतं. दुपारनंतर तिच्या खळ्यावर फणसाची सावली यायची. तिच्या वाट्याला ऊन ते काय सकाळचंच, आणि तेच माझ्या फलकाने अडवलं.

ती काही बोलली नाही. रोज सकाळी मी ओटीवर चहा पीत बसलेला असायचो. ती वाकून चटई धरायची, दोन हात सरकवायची, मग ऊन पुढे गेलं की पुन्हा सरकवायची. सालं चटईला चिकटायची, ती नखाने एकेक सोडवून परत पसरायची. मी हे बघत होतो आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. उलट मला वाटायचं, काकी हल्ली बोलत नाही, तिचा मुलगा दुसऱ्या पक्षात आहे ना! मतदान झालं, 16 मे रोजी निकाल लागला, तरी फलक तसाच. शेवटी एके दिवशी मीच विचारलं, "काकी, रागावलंस काय?" तिने हातातली परडी माझ्यापुढे धरली. निम्म्या आमसुलांना बुरशी आलेली. म्हणाली, "तुझ्या पक्षाचा माका काय पडलेला नाय रे. माझा ऊन तेवढा परत दी."

फलक मी त्याच दुपारी उतरवला. पण त्या वर्षीची आमसुलं गेली ती गेलीच. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या सुना-नातवंडांबरोबर ती दरवर्षी एकेक पुडी बांधून द्यायची, त्या वर्षी दिली नाही. हे मला आजही लागतं.

त्यानंतर मी अनेक भांडणं जवळून पाहिली. पक्षावरून धरलेला अबोला मी क्वचितच पाहिला. झेंड्याची काठी शेजाऱ्याच्या विजेच्या वायरीला लागते, वाऱ्याने फ्लेक्स रात्रभर फडफडतो आणि बाळंतिणीची झोप मोडते, पाणंदीच्या वळणावर फलकामुळे पलीकडची रिक्षा दिसत नाही, तिथून सुरुवात होते. तोंडाने मात्र पक्षाचं नाव घेतलं जातं. म्हणून आधी त्यांच्या खळ्यात उभा राहून आपल्या गडग्याकडे बघ. तिथून तुझा फलक कसा दिसेल, काय झाकेल, ते तुला तुझ्या ओटीवरून कधीच कळणार नाही.

तुझ्या घराच्या दोन-तीन गोष्टी मला माहीत आहेत, त्या सांगून टाकतो. घरपट्टीच्या उताऱ्यावर तुम्हा चार चुलतभावांची नावं आहेत. मुंबईचे दोघे वर्षातून दोनदा येतात, गणपतीला आणि शिमग्याला, पण भिंत त्यांचीही आहे. त्यांना फोन कर. दुसऱ्याच्या जागेवर, भिंतीवर, कुंपणावर त्याच्या परवानगीशिवाय झेंडे-फलक लावू नयेत, हे आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि सामाईक घरात "दुसरा" म्हणजे आपला चुलतभाऊही असतो. तुझी वहिनी सरकारी नोकरीत आहे. राहत्या घरावर निवडणूक चिन्ह लावणं म्हणजे सरकारी नोकराने निवडणुकीत आपलं वजन वापरणं, असं वर्तणूक नियमांत धरलेलं आहे. तुझ्या हौसेपायी तिला नोटीस येता कामा नये. तिचं दार आहे त्या बाजूला काही लावू नकोस, आणि तिने नको म्हटलं तर अजिबात लावू नकोस. तिसरं, मराठी शाळा तुमच्या परसापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि मतदान केंद्र तिथेच असतं. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराचं काही दिसलं तर गुन्हा होतो. आदल्या संध्याकाळीच टेप घेऊन मोज आणि आत येत असेल तर काढून ठेव. पत्रकं छापलीत तर त्यावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे ना, तेही बघ.

देवळाचा आवार, पालखीचा मार्ग, पालखी टेकते त्या सहाणेजवळची जागा, इथे काहीही नको. 2024 साली 16 मार्चला आचारसंहिता लागली आणि आठवड्याभरात होळी आली. पालखी घरोघर फिरली. ज्यांची तोंडं एकमेकांकडे नव्हती त्यांनी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून ती नाचवली. तेवढी जागा सगळ्यांची राहू दे.

आता अवघड भाग. 17 फेब्रुवारी 2023 ला शिवसेनेच्या चिन्हाबद्दल निवडणूक आयोगाचा निकाल आला. धनुष्यबाण एकीकडे गेला, मशाल दुसरीकडे. आपल्या वाडीत कितीतरी घरं अशी आहेत की ज्यांनी एकाच झेंड्याखाली उमेदीची वर्षं घालवली, मार खाल्ला, आणि आता एका छपराखाली दोन झेंडे आहेत. तुमचंही तसंच आहे. तुझ्या थोरल्या काकांचा झेंडा तुला आवडत नाही, त्यांना तुझा आवडत नाही. त्यांच्या झेंड्यापेक्षा आपली काठी हातभर उंच करावी असं तुला वाटतंय, हे मला तुझ्या आवाजावरूनच कळलं. करू नकोस. ते परवा त्यांची काठी हातभर वाढवतील, मग तू, आणि मध्ये तुझी आजी बसलेली असेल. काठ्या एकाच उंचीच्या ठेवा. शक्य झालं तर दोघांनी मिळून एकाच दिवशी उभ्या करा, म्हातारीला बरं वाटेल. त्यांचा झेंडा वाऱ्याने गुंडाळला गेला आणि ते घरी नसले, तर तू वर चढून सोडव. मी हे केलेलं आहे, म्हणून सांगतो.

आणि गावच्या ग्रुपवर रात्री अकरानंतर काही टाकू नकोस.

निकाल लागला की दुसऱ्या दिवशी फलक उतरव, जिंकलास तर त्याआधी. 2024 ला 4 जूनला मतमोजणी झाली आणि तीन-चार दिवसांत मृग. कितीतरी फ्लेक्स तसेच राहिले. पहिल्या वादळात फाटून लोकांच्या कौलांवर गेले, परसात पडले. उमेदवाराचा चेहरा चिखलात, आणि काढायचा शेजाऱ्याने! आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं चालू असतात, लाकडं झाकायला सगळ्यांनाच काही ना काही हवं असतं. उतरवलेला फ्लेक्स धुऊन पलीकडच्यांना विचार, हवाय का. उलटा घातला तर कोरी बाजू वर येते.

आता बांबू. अँगल नको. खाऱ्या हवेत गंजतो आणि चिरे फोडून बसवावा लागतो. चिवा बांबू घे, जून झालेला, चार उभे आणि दोन आडवे, सुंभाने बांध. फ्लेक्सला चार-पाच ठिकाणी अर्धचंद्रासारखे काप दे, वारा निघून जातो आणि फडफड कमी होते. दहा बाय आठ फार मोठा आहे, सहा बाय चार पुरे, आणि पश्चिमेच्या बाजूला लाव, तिकडे माडच आहेत. पलीकडे जाशील तेव्हा सकाळी जा, नऊच्या आधी. ऊन कुठवर येतं ते तेव्हाच दिसतं.

तुझा,
काका