स्लाइड बाजूला ठेव, प्रसंग बसव

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

बँकेच्या काउंटरवरच्या लोकांच्या प्रशिक्षणासाठी तू केलेल्या स्लाइड वाचल्या. 'चिडलेल्या ग्राहकाशी शांतपणे, पण स्पष्ट बोलावं' असं तू लिहिलं आहेस. यावर सगळे माना डोलावतील, पण 'स्पष्ट' म्हणजे कसं, याचं चित्र प्रत्येकाचं वेगळं असेल.

ब्राझीलचे दिग्दर्शक आउगुस्तो बोआल १९७३ साली पेरूमध्ये साक्षरता मोहिमेत नाटकं करत होते. एका प्रसंगात नवऱ्यानं बायकोला फसवलेलं असतं. तिनं काय करावं, असं प्रेक्षकांना विचारलं. एक बाई म्हणाली, त्याच्याशी अगदी स्पष्ट बोलायचं. नटांनी तसं करून दाखवलं, तिला पटेना. पुन्हा केलं, तरी पटेना. शेवटी बोआल यांनी तिलाच मंचावर बोलावलं. तिनं झाडू उचलला आणि नवरा झालेल्या नटाला बडव बडव बडवलं! प्रेक्षकानं स्वतः उठून प्रसंग बदलायचा, हे फोरम थिएटर अशा अनुभवांतून घडलं.

तूही तसंच कर. पेन्शन जमा झालेली नाही म्हणून आजोबा पुन्हा आलेत, मागे रांग लागली आहे, सिस्टिम अडकली आहे. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग बसव आणि तो बिघडूनच संपू दे. मग पहिल्यापासून सुरू कर. ज्याला काही सुचेल त्यानं 'थांबा' म्हणून काउंटरवाल्याच्या खुर्चीत बसायचं. 'मी असतो तर असं म्हणालो असतो' एवढ्यावर कुणालाही सोडू नकोस. खुर्चीत बसल्यावरच कळतं की तोंडी शब्द गोड आहेत, पण नजर स्क्रीनवर आहे. आजोबा झालेल्याला मात्र बजाव, उगाच विरघळायचं नाही. तू स्वतः उत्तर देऊ नकोस, 'आपल्या शाखेत हे चालेल का?' एवढंच विचार.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. बोआल यांनी हे दबलेल्या माणसांसाठी उभं केलं, कारकुनांना हसरे चेहरे शिकवायला नाही. चार जणांनी खुर्चीत बसून पाहिलं की बहुधा दिसेल, अडचण बोलण्यात नाहीच. पेन्शन कुठे अडकली हे बघायचा अधिकारच त्या काउंटरला नाही. ते लिहून घे आणि वर पाठव. तुझ्या प्रशिक्षणातलं सगळ्यात मोलाचं तेच असेल.

मॅनेजरसाहेब आले तर त्यांनाही खुर्चीत बसव. नुसते मागे उभे राहून बघणार असतील, तर त्यांना त्या दिवशी बोलावू नकोस.