अस्सल, खोटा, बनावट : ओबामांच्या दाखल्याच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे : "बराक ओबामांच्या जन्मदाखल्यावरून झालेल्या वादाबद्दल मराठीत लिहिते आहे. 'दाखल्याची सत्यता' म्हणू की 'अस्सलपणा'? बनावट, खोटा आणि नकली यांत काही फरक आहे का? आणि हा वाद घालणाऱ्यांना इंग्रजीत 'बर्थर' म्हणतात, त्यांना मराठीत काय म्हणावं?"

फरक आहे, आणि तुमच्या विषयात तर तो सांभाळायलाच हवा. 'अस्सल' हे कागदाचं विशेषण. अरबी 'असल' म्हणजे मूळ. ज्या कचेरीच्या नावाने कागद निघाला आहे, तिथूनच तो निघाला असेल तर कागद अस्सल; आत काय लिहिलं आहे हा पुढचा प्रश्न. सत्यता किंवा खरेपणा असतो तो मजकुराचा.

उदाहरण घरातलंच देते. माझ्या वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून आहे. त्यांच्या पिढीत महाराष्ट्रात 1 जूनला जन्मलेली माणसं इतकी का, हे तुम्हालाही ठाऊक असेल : शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहून टाकली. आजी म्हणायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला. म्हणजे दाखला अस्सल, सही-शिक्का अस्सल, तारीख मात्र खोटी. त्याला 'बनावट' म्हटलं तर गुरुजींवर भलताच आळ येईल. बनावट म्हणजे ज्याने द्यायला हवा त्याने न देता दुसऱ्याच कुणी तयार केलेला कागद.

आता ओबामांकडे येऊ. त्यांचा जन्म 4 ऑगस्ट 1961चा, हवाई राज्यातल्या होनोलुलूचा. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष हा 'नॅचरल बॉर्न' नागरिक असावा लागतो. (याला 'नैसर्गिक नागरिक' लिहू नका, ते सेंद्रिय भाजीसारखं वाटतं. 'जन्मसिद्ध नागरिक' म्हणा. टिळकांमुळे तो शब्द आपल्या कानाला सरावाचा आहे.) वडील केनियाचे, म्हणून मुलगाही तिकडेच जन्मला असणार, अशी कुजबुज 2008च्या निवडणुकीत सुरू झाली.

त्या जूनमध्ये ओबामांच्या प्रचारपथकाने जो कागद लोकांपुढे ठेवला, त्याचं नाव 'सर्टिफिकेशन ऑफ लाइव्ह बर्थ'. शंका घेणारे म्हणाले, हे सर्टिफिकेशन झालं, सर्टिफिकेट कुठे आहे? अखेर 27 एप्रिल 2011 रोजी 'सर्टिफिकेट ऑफ लाइव्ह बर्थ' प्रसिद्ध झालं. मराठीत या दोन्हीला 'जन्मदाखला' म्हटलं, तर तीन वर्षं नेमकं काय मागितलं जात होतं हे वाचकाला कळायचंच नाही. 'छोटा दाखला' आणि 'मोठा दाखला' हा तर शुद्ध आळस आहे.

खरं म्हणजे आपल्या महसुली मराठीत ही जोडी तयारच आहे. पहिला कागद म्हणजे दाखला : कचेरीतल्या नोंदीवरून संगणकाने छापून दिलेला. 'दाखल' म्हणजे आत घेतलेलं, नोंदलेलं. अशी नोंद आमच्याकडे आहे असं सांगणारा तो दाखला. हवाईच्या त्या कागदावरच छापलं होतं की कोणत्याही न्यायालयात तो जन्माचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जाईल. दुसरा कागद म्हणजे मूळ नोंदीची नक्कल : 1961 साली भरलेला तक्ता, त्यावर डॉक्टरची सही, आईची सही, इस्पितळाचं नाव, सगळं जसंच्या तसं. कुणबी नोंदी शोधताना लोक कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीची, नक्कल मागतात ती याच जातीची. मूळ वही कचेरी कुणालाच देत नाही, इथेही नाही आणि होनोलुलूतही नाही. म्हणून 'ओबामांनी मूळ दाखला दाखवला' हे वाक्यही ढिलं आहे. दाखवली ती नक्कल.

इथे एक अडचण उभी राहते. 'नक्कल' म्हटलं की आज लोकांना 'नकली' आठवतं. दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आले, पण संसार वेगळे थाटले. तलाठ्याच्या हातच्या जुन्या उताऱ्याखाली ओळ असायची : 'अस्सल बरहुकूम नक्कल'. मुळाप्रमाणे तंतोतंत उतरवलेलं. म्हणजे नक्कल खरी असू शकते, नकली वस्तू कधीच खरी नसते. मी तर 'सत्यप्रत'पेक्षा 'खरी नक्कल' हाच शब्द लिहीन, पण सरकारी कारकून ऐकणार नाहीत.

नक्कल प्रसिद्ध झाल्यावर वाद मजकुरावरून कागदावर सरकला. व्हाइट हाउसने टाकलेली पीडीएफ काहींनी चित्रं करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर तिचे थर सुटे झाले. लगेच हाकाटी : तुकडे जोडून बनवलेला कागद! प्रत्यक्षात फाइल लहान करण्यासाठी स्कॅन करणारं यंत्रच अक्षरं आणि पार्श्वभूमी वेगळी साठवतं. झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर तसेच थर आपोआप पडतात हे पुढे काही जिज्ञासूंनी करून दाखवलं. या टप्प्यावरच्या आरोपासाठी 'बनावट' हा शब्द बरोबर. पण 'जन्म केनियात झाला आणि नोंद मात्र होनोलुलूत केली' असं म्हणणारेही होते. त्यांचा दावा 'अस्सल पण खोटा' असा होता, माझ्या वडिलांच्या 1 जूनच्या जातीचा. त्यांच्या पंचाइतीला उत्तर म्हणजे होनोलुलूच्या दोन्ही वर्तमानपत्रांत ऑगस्ट 1961मध्येच छापून आलेली जन्माची वार्ता.

कागदही बनावट आणि मजकूरही खोटा, असा नमुना हवा असेल तर तो विरोधकांच्याच बाजूला सापडतो. ऑगस्ट 2009मध्ये एक 'केनियाचा दाखला' पुढे आला. तारीख फेब्रुवारी 1964, आणि वर लिहिलेलं 'केनिया प्रजासत्ताक'. केनिया प्रजासत्ताक झाला डिसेंबर 1964मध्ये! याला 'नकली' म्हणायला हरकत नाही, कारण 'नकली'त दुसऱ्या कशाचं तरी सोंग असतं : नकली दात, नकली नोट.

तेव्हा तुमच्या लेखात 'दाखल्याचा अस्सलपणा' आणि 'नोंदीचा खरेपणा' असे दोन शब्द ठेवा. 'सत्यता' पूर्ण गाळली तरी चालेल. ती दोन्हीकडे पाय ठेवून उभी राहते.

राहिला 'बर्थर'. 'जन्मवादी' हे सरळ रूप आहे, पण त्याला जातिव्यवस्थेचा वास येतो, नको. मला 'जन्मशंकेखोर' सुचतो. 'खोर' हा फारसी प्रत्यय मुळात 'खाणारा' या अर्थाचा. शंका विचारणारा उत्तर मिळालं की थांबतो, शंकेखोराचं पोट मात्र शंकेवरच भरतं. या शंकेखोरांतलेच एक डोनाल्ड ट्रम्प यांनी सप्टेंबर 2016मध्ये ओबामांचा जन्म अमेरिकेतलाच, असं जाहीर केलं, आणि त्याच डिसेंबरात अॅरिझोना राज्यातल्या मॅरिकोपा काउंटीचे शेरीफ (पोलीसप्रमुख) जो आर्पायो पत्रकार परिषद घेऊन पुन्हा तो कागद बनावट असल्याचं सांगत होते.