वाचकांचे प्रश्न: ड्राइव्हवेवरचा बर्फ कशाने काढावा?

प्रश्न: नव्या घरातला हा आमचा पहिलाच हिवाळा. ड्राइव्हवे डांबरी आहे, चार मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब. एका वेळी १० ते २० सेंटिमीटर बर्फ पडतो, असं शेजारी सांगतात. स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून दूर फेकणारं मशीन, घ्यायचंय; पण सिंगल-स्टेज, टू-स्टेज, इतके सीसी, तितके इंच हे सगळं ऐकून काहीच ठरत नाही. नेमकं काय घ्यावं?

उत्तर: सीसी आणि इंच बाजूला ठेवून आधी वजनाचा हिशेब करू. तुमचा ड्राइव्हवे ६० चौरस मीटरचा. त्यावर १५ सेंटिमीटर बर्फ पडला की ९ घनमीटर बर्फ झाला. कडाक्याच्या थंडीत पडलेला कोरडा, पिठासारखा बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे एकूण ९०० किलो. तोच बर्फ शून्य अंशाच्या आसपास ओलसर पडला, तर घनमीटरला ३०० किलोही भरतो. तेव्हा तुमच्या दारात २,७०० किलो माल पडलेला असतो. बाहेर मोजपट्टी लावली तर दोन्ही दिवशी १५ सेंटिमीटरच दिसतात.

आता ड्राइव्हवेच्या तोंडाशी जा. रस्ता साफ करणारा प्लाऊ जाताना तिथे जो बांध घालून जातो, तो चार मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच धरला, तर २ घनमीटर होतो. पण हा बर्फ दाबलेला, ढेकळांचा आणि मिठाने ओलावलेला असतो. त्याचं वजन घनमीटरला ४००-५०० किलो सहज भरतं. म्हणजे आतल्या अख्ख्या ड्राइव्हवेवर कोरडा बर्फ पडला, तर त्याचं जेवढं वजन, जवळपास तेवढंच या एका मीटरच्या पट्ट्यात. आमच्या मते मशीन या बांधाकडे बघून निवडावं, आतल्या बर्फाकडे बघून नव्हे.

सिंगल-स्टेज मशीनमध्ये रबरी पात्यांचा एकच ऑगर, म्हणजे पुढचा आडवा फिरता रूळ, असतो. तोच बर्फ ओढतो आणि तोच फेकतो. पाती जमिनीला घासत जातात, त्यामुळे डांबरावर ते अगदी स्वच्छ काढतं. हलकं असतं आणि गॅरेजमध्ये कोपऱ्यात मावतं. १५-२० सेंटिमीटरपर्यंतच्या ताज्या बर्फाला ते उत्तम. प्लाऊच्या कडक बांधावर मात्र ते उड्या मारत वर चढतं आणि तुम्ही त्याला कमरेने रेटत बसता.

टू-स्टेजमध्ये पोलादी दातेरी ऑगर सावकाश फिरून बर्फ फोडतो आणि मागच्या इम्पेलरकडे ढकलतो. इम्पेलर म्हणजे जोरात फिरणारं पंख्यासारखं चाक. तो बर्फ शूटमधून, म्हणजे वरच्या फिरत्या तोंडातून, दहा-बारा मीटर लांब फेकतो. चाकं इंजिनावर चालतात, त्यामुळे रेटावं लागत नाही.

तुमच्या रस्त्यावर प्लाऊ येत असेल आणि बांध दर वेळी गुडघ्याएवढा होत असेल, तर २४ इंची, म्हणजे साधारण ६१ सेंटिमीटर रुंदीचं, २०० सीसीच्या पुढचं टू-स्टेज घ्या. त्याहून रुंद मशीन ६० चौरस मीटरला लागत नाही, आणि त्याच इंजिनावर रुंदी वाढवली की तोंडाशी दम तुटतो. प्लाऊ येत नसेल किंवा बांध नावापुरताच होत असेल, तर सिंगल-स्टेजमध्ये तुमचं सहज भागेल.

बांध कमी करायची एक युक्तीही आहे. प्लाऊ ज्या बाजूने येतो, त्या बाजूला तुमच्या तोंडाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेचा तीन-चार मीटरचा पट्टा आधीच मोकळा करून ठेवा. प्लाऊच्या पात्यावर साठलेला बर्फ त्या रिकाम्या जागेत सांडतो आणि तुमच्या दारात कमी येतो. काढलेला बर्फ रस्त्यावर मात्र ढकलू नका. पुढच्या फेरीत तो पुन्हा कुणाच्या तरी दारात जातो, शिवाय गाड्या घसरतात.

प्रश्न: आमचा ड्राइव्हवे खडीचा आहे. सिंगल-स्टेज वापरलं तर बर्फाबरोबर खडे उडतात. एक तर गाडीच्या काचेवर बसता बसता राहिला. पाती बदलून काही फरक पडेल का?

उत्तर: नाही. त्या मशीनची पाती जमिनीला घासण्यासाठीच केलेली असतात. त्यांची उंची वाढवायची सोय नसते, त्यामुळे खडीवर ते वापरायचंच नाही. टू-स्टेजला दोन्ही बाजूंना स्किड शू, म्हणजे मशीन ज्यांवर टेकून घसरतं त्या पट्ट्या, असतात. ते खाली सरकवले की ऑगरचा डबा जमिनीपासून वर राहतो.

उंची लावायची ती अशी. मशीन बंद करून सपाट फरशीवर आणा. खालची खरवडपट्टी जिथे टेकते, तिथे दोन्ही टोकांखाली अडीच ते तीन सेंटिमीटर जाडीची एकसारखी फळी ठेवा. शूचे नट ढिले करा, शू फरशीला टेकू द्या आणि तसेच आवळा. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, नाहीतर मशीन एका अंगाला ओढतं. मोसमातला पहिला बर्फ पूर्ण काढायच्या फंदात पडू नका. चार-पाच सेंटिमीटरचा थर गाडीने दाबून घट्ट होऊ द्या, पुढे तोच तुमचा रस्ता. शूटचं तोंड घर, गाडी, माणसं यांच्यापासून दूर ठेवा, कारण एखादा खडा तरीही उडतोच.

खडीवर शिअर पिनही, म्हणजे ऑगरला त्याच्या दांड्याशी जोडणाऱ्या पिना, जास्त तुटतात. मशीन चालू आहे, पण ऑगरची एकच बाजू फिरतेय, असं दिसलं तर पिन गेलेली आहे. ती तुटण्यासाठीच असते. दगड अडकला की मऊ पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. तिच्या जागी हाताला आला तो कडक बोल्ट घातला, तर पुढच्या दगडाला बोल्ट टिकतो आणि गिअर तुटतात. मशीनच्या मॉडेलच्याच पाच-सहा पिना आणून ठेवा.

प्रश्न: बॅटरीवरचं मशीन घेतलं. वीस मिनिटांत बंद पडतं. गॅरेजमध्ये चार्जरला लावलं तर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. बॅटरी खराब आहे का?

उत्तर: बहुतेक बॅटरी ठीक असेल, ती गारठली आहे. लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली, तर आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. म्हणून बरेच चार्जर गार बॅटरी नाकारतात. ती घरात आणा, दोन-तीन तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग चार्ज करा. कामाला निघतानाच ती मशीनमध्ये बसवा. रात्रभर गॅरेजमध्ये राहिलेली बॅटरी सकाळी कमी काम देते.

वीस मिनिटांचं गणित बॅटरीवरच लिहिलेलं असतं. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. ५६ व्होल्टची ५ अँपिअर-अवरची बॅटरी २८० वॉट-अवरची झाली. बर्फात मशीन एक ते दीड किलोवॅट ओढत असेल, तर ती ११ ते १७ मिनिटांत संपते. विकत घेताना व्होल्टच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. '६० व्होल्ट मॅक्स' हा पूर्ण चार्ज असतानाचा आकडा, काम करताना ती ५४ व्होल्टची असते. वॉट-अवर बघा. साठ-एक चौरस मीटरसाठी सगळ्या बॅटऱ्या मिळून ८०० वॉट-अवर हाताशी असावेत.

प्रश्न: ओला बर्फ पडला की दर पाच मिनिटांनी शूट तुंबतो. हाताने काढायला गेलं तर बायको ओरडते. इंजिन बंद केल्यावर हात घालायला काय हरकत आहे?

उत्तर: बायकोचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. इंजिन बंद असलं, तरी तुंबलेल्या बर्फाने अडवलेल्या इम्पेलरवर पट्ट्याचा (बेल्टचा) ताण शिल्लक राहू शकतो. हाताने बर्फ मोकळा केला की तो ताण सुटतो आणि पातं झटका घेतं. तेवढा झटका बोटं तोडायला पुरतो. हातमोजा त्यात काहीच वाचवत नाही.

तुंबलं की हँडलवरचे दोन्ही दांडे सोडा, इंजिन बंद करा, किल्ली काढा. बॅटरीचं असेल तर बॅटरी आणि वायरचं असेल तर प्लग काढा. आतलं सगळं फिरायचं थांबेपर्यंत थांबा. मग सफाईच्या काठीने वरून बर्फ फोडा. ही प्लॅस्टिकची काठी बहुतेक मशीनच्या डब्यावरच खोचलेली असते. हरवली असेल तर झाडूचा लाकडी दांडा घ्या, पण हात शूटच्या बाहेरच राहिला पाहिजे.

आता तुंबतं का, ते बघू. शून्याच्या आसपासच्या बर्फात पाण्याचा अंश असतो, त्यामुळे तो पत्र्याला चिकटतो. मशीन उबदार गॅरेजमधून थेट बाहेर आणलं, तर पहिला बर्फ कोमट पत्र्यावर वितळतो, तिथेच पुन्हा गोठतो आणि त्यावर पुढचा थर बसत जातो. म्हणून अर्धा तास आधी मशीन बाहेर काढून ठेवा. ते कोरडं असतानाच शूटच्या आतून आणि इम्पेलरवर सिलिकॉन स्प्रे मारा. रंग उडून गंज आलेला भाग असेल, तर उन्हाळ्यात घासून रंगवून घ्या. बर्फ सगळ्यात आधी त्या खडबडीत जागीच धरतो.

चालवण्याची पद्धतही बघा. बर्फ ओला दिसला की लोक इंजिन हळू करतात. नेमकं उलट करा: इंजिन पूर्ण वेगात ठेवा. जड वाटलं तर पट्टा अर्ध्या रुंदीचा घ्या, पण थेंबाथेंबाने भरवू नका. इम्पेलरला सलग बर्फ मिळाला, तर मागचा पुढच्याला ढकलत बाहेर नेतो. तुटक मिळाला तर तो शूटमध्ये रेंगाळतो आणि बसतो.

एवढं करूनही तुंबत असेल, तर इंजिन बंद करून, प्लगची वायर काढून, इम्पेलरचं पातं आणि भोवतीचा गोल डबा यांतली फट बघा. पात्याच्या टोकाशी करंगळी जाईल एवढी फट असेल, तर ओला बर्फ तिथून मागे घसरतो. त्यासाठी पात्यांवर बसवायच्या रबरी पट्ट्यांचा संच मिळतो. तो बसवला की फट बुजते आणि जुन्या मशीनमध्येही जाणवण्याइतका फरक पडतो.

काम झाल्यावर मशीन मिनिटभर तसंच चालू द्या, आतला बर्फ बाहेर पडेल. ओलं ठेवलं तर रात्रीत इम्पेलर गोठतो आणि सकाळी दांडा दाबला की पट्टा जागच्या जागी घासून जळतो. गोठलाच, तर मशीन उबेत आणून सुटू द्या, जोर लावू नका.

प्रश्न: बाबा ६४ वर्षांचे आहेत, पाच वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. "एवढासा तर बर्फ आहे," म्हणत रोज सकाळी फावडं घेऊन बाहेर पडतात. त्यांच्यासाठी हलकं फावडं कोणतं?

उत्तर: त्यांना फावडं देऊ नका, कितीही हलकं असलं तरी. फावड्यात एका खेपेला साधारण १८ लिटर बर्फ येतो. ओला असेल तर तो पाच किलोच्या वर भरतो. मिनिटाला बारा खेपा धरल्या, तर मिनिटाला ६० किलोंहून जास्त वजन ते उचलून फेकतात, तेही सगळं हातांवर आणि बऱ्याचदा श्वास रोखून. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि त्याच वेळी रक्तदाब चढतो. स्टेंट असलेल्या माणसाने डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय हे करू नये. छातीत दडपण, जबडा किंवा हात दुखणं, थंडीत घाम, अचानक धाप यांपैकी काहीही जाणवलं तर काम तिथेच थांबवून रुग्णवाहिका बोलवा.

घरातल्या बाकीच्यांसाठी दोन अवजारं ठेवा. एक ६०-७५ सेंटिमीटर रुंदीचं ढकलायचं पुशर आणि एक ४५ सेंटिमीटरचं उचलायचं फावडं. रुंद पुशरने बर्फ उचलायला जाऊ नका, पाठ धरते. पाच सेंटिमीटर साचला की एकदा ढकलून या. वीस सेंटिमीटर साचू देऊन एकदम काढण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं. पेव्हर असतील तर प्लॅस्टिकची धार घ्या, पोलादी धारेने चरे पडतात.

प्रश्न: बर्फ काढल्यावर मीठ किती टाकावं? टाकूनही काल बर्फ सुटला नाही.

उत्तर: चौरस मीटरला ३० ग्रॅमच्या आसपास पुरतं. दाणे एकमेकांपासून सुटे पडले पाहिजेत, ढीग नको. साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली जवळपास निरुपयोगी होतं. त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड चालतं, किंवा नुसती वाळू टाका, निदान पाय घसरणार नाही. काँक्रीट नवं असेल तर पहिला हिवाळा काहीच क्षार टाकू नका, वरचा पापुद्रा सुटतो.

प्रश्न: गेल्या वर्षी छान चाललेलं पेट्रोलचं मशीन पहिल्याच बर्फात सुरू होत नाही. मेकॅनिक कार्ब्युरेटर बदला म्हणतो.

उत्तर: बदलण्याआधी टाकीतलं पेट्रोल कधीचं आहे ते आठवा. मार्च-एप्रिलचं असेल, तर ते शिळं झालंय आणि त्याचा चिकट राळेसारखा थर कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये बसलाय. जुनं पेट्रोल काढून टाका, फ्लोटचा वाडगा उघडून साफ करा, जेटमधून कार्ब्युरेटर क्लीनर मारा आणि ताजं पेट्रोल भरा. पुष्कळ वेळा तेवढ्यावर भागतं. चोक पूर्ण ओढलेला आहे ना आणि इंधनाचा कॉक उघडा आहे ना, हेही बघा. हिवाळ्याच्या गडबडीत दोन्ही विसरतात.

पुढच्या वेळी १० टक्क्यांहून जास्त इथेनॉल असलेलं पेट्रोल वापरू नका आणि महिन्याभरापेक्षा जास्त राहणार असेल तर त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारा द्रव, घाला. मोसम संपताना तो घालून इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचतो. इंजिन तेल ५डब्ल्यू-३० ग्रेडचं भरा, नव्या मशीनचं पहिलं तेल साधारण पाच तासांनी बदला. सुरू झालं की कितीही बोचरा वारा असो, मशीन लगेच बाहेर न्या. गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि गॅरेजला लागून असलेल्या खोल्यांतही तो शिरतो.